उटी

आमच्या सोप्याच्या दाराला एक उटी लावलेली असते. बाभळीची, वीतभराहून थोडी मोठी, एका अंगानं तिरकी तासलेली. दुसऱ्या टोकाला दोरी ओवायचं भोक. वाऱ्यानं दार आपटू नये एवढंच आता तिचं काम. नव्या माणसाला ती जळणातून उचललेली ढलपी वाटते. पण गाडीवर उमेदवारी केलेला कुणी म्हातारा घरी आला, की बसण्याआधी वाकून तिच्यावर बोटं फिरवतो. तिरक्या अंगावर रबराचे काळे वळ उठले आहेत. कितीही घासले तरी ते जात नाहीत.

उटी माझ्या आज्जाची. त्याच्याकडून ती तात्यांकडं आली. तात्या म्हणजे माझे वडील. पण भोगावतीच्या खोऱ्यातल्या निम्म्या वाड्यावस्त्यांचे ते तात्याच होते. त्यांनी ३५ वर्षं एसटीत काढली. दिवसभर गाडी, रात्री उसाला पाणी, पहाटे म्हशीची धार, आणि या सगळ्याच्या मधल्या फटींत जेवढी मावेल तेवढी मजा. त्यांच्या गोष्टी ऐकत आम्ही तिघं भावंडं वाढलो, आणि आमची पक्की समजूत होती की तात्या थापा मारतात. समजूत व्हावी असंच त्यांचं सांगणं होतं. डोळे बारीक करायचे, इंजिनाचा आवाज तोंडानं काढायचे, ऐन वेळी थांबून आईला साक्षीला बोलवायचे. आई चुलीपुढून म्हणायची, "मला काय इचारतासा? मी हुतो व्हय तितं?"

२०२३ च्या दिवाळीआधी तात्या गेले. त्यांच्या गोष्टी कुठंतरी लिहून ठेवाव्यात म्हणून बसलो, लिहिता लिहिता एकेक पडताळून पाहू लागलो, आणि थापा एकामागून एक खऱ्या निघू लागल्या.

पहिली आज्जाची. आज्जा कोल्हापूरहून राधानगरीकडं जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर किन्नर, म्हणजे क्लीनर, होता. "तवा मोटार कोळशावर पळायची," तात्या सांगायचे. "मागल्या अंगाला बंब बांधलेला, आपल्या आंघुळीच्या बंबागत. आज्जा त्यात कोळसा वतायचा, हातानं पंखा फिरवायचा. बंब फुलला की मोटार खोकाय लागायची. मग मानसं म्हणायची, चला, मोटारीचा चा झाला, आता बसूया."

आम्ही पोट धरून हसायचो. पुढं कॉलेजात दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईबद्दल वाचताना कळलं, की यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पेट्रोल रेशनवर गेलं तेव्हा हिंदुस्थानात बसांना आणि मालमोटारींना असे बंब जोडले गेले होते. लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत कोंडून जाळायचा, त्याचा जो वायू होतो तो गाळून इंजिनात सोडायचा. त्यावर गाडी चालते, पण तिला पेट्रोलचा दम नसतो. वाशी, हळदी, परिते इथपर्यंतच्या सपाटीला निभून जायचं. पुढं चढ लागला की प्रवासी खाली उतरायचे, बाप्ये मागून रेटायचे आणि आज्जा उटी हातात घेऊन मागच्या चाकाच्या बरोबरीनं पळायचा. इंजिन हरलं की चाकाखाली उटी. मोटारीनं दम खायचा, चार हात पुढं सरकायचं, पुन्हा उटी. अख्खा चढ असा उटी-उटीनं चढायचा. आज्जाच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. "ती मोटारीनं तिकीट म्हणून घेतली," असं तात्या सांगायचे, आणि आम्ही पुन्हा हसायचो. कुणाची करंगळी चाकाखाली जाताना कशी जाते, हे आठ-दहा वर्षांच्या पोराला सुचत नाही.

दुसरी थाप: एसटी आधी निळी होती. ही तर आम्ही तात्यांना अगदी तोंडावर खोटी म्हणून सांगितलेली. एसटी लालच असते. जास्वंद लाल, कुंकू लाल, एसटी लाल. पण १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली, तेव्हाच्या गाड्या खरोखरच निळ्या-चंदेरी होत्या. त्या पहिल्या गाडीचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. ही दोन नावं तात्या ज्ञानोबा-तुकोबांच्या चालीवर, टाळ धरल्यासारखे हात करून म्हणायचे. आमच्याकडं तेव्हा अजून महाराजांचं राज्य होतं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि मग सर्व्हिस मोटारी हळूहळू मागं पडून सरकारी गाडी आली. आज्जाची मोटार बंद झाली. मालकानं हिशेब चुकता केला, आणि आज्जानं उटी मागून घेतली. एवढ्या वर्षांच्या चाकरीची त्यानं घरी आणलेली वस्तू ती एवढीच.

तात्यांना मात्र ड्रायव्हर व्हायचं नव्हतं, पैलवान व्हायचं होतं. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं खासबाग मैदान हे त्यांचं देऊळ. गावातून ते चालत कुस्त्या बघायला जायचे, रात्री रंकाळ्याच्या काठावर झोपायचे आणि सकाळी चालत परत. १९५९ साली श्रीपती खंचनाळे दिल्लीत हिंदकेसरी झाले, ती बातमी गावात आली तेव्हा तात्या १९ वर्षांचे होते. त्यांनी तालमीतल्या पोरांना घेऊन बैलगाडी सजवली, तिच्यात कुणीच नसताना तिची मिरवणूक काढली आणि हलगी फुटेपर्यंत वाजवली. त्याच वर्षी आज्जा आजारी पडला. खुराक बंद झाला, रान बघायला माणूस राहिलं नाही, तालीम सुटली. याबद्दल ते कधीही काही बोलले नाहीत. त्यांच्या गोष्टींत ती गाडी रिकामीच वाजतगाजत जायची आणि गोष्ट तिथंच संपायची.

१९६३ ला ते एसटीत लागले, आधी गाड्या धुण्यापुसण्याला, मग तीन वर्षांनी स्टिअरिंगवर.

त्या गाड्यांबद्दल इथं थोडं सांगायला हवं, कारण आताच्या ड्रायव्हरलाही ते नवल वाटतं. कित्येक गाड्या लांब नाकाच्या. टाटांचं तेव्हा जर्मन कंपनीशी सहकार्य होतं, म्हणून काहींच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असायचा. तात्या म्हणायचे, "गावातलं पाटील घोड्यावनं फिरायचं, मी मरशिडीजमधनं." थंडीत इंजिन उठलं नाही तर पुढून हँडल मारायचं, ते उलटं फिरलं तर मनगट जायचं. स्टिअरिंग असं जड, की वळणावर अख्खं अंग त्यावर टाकावं लागायचं. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, मध्ये इंजिनाचा वेग कानानं ओळखून जुळवायचा. चुकलं की दात खरडल्याचा आवाज गाडीभर. आणि घाटाचा एक नियम तात्यांनी आम्हाला पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता: ज्या गिअरनं चढायचं, त्याच गिअरनं उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणाऱ्याला ते ड्रायव्हर म्हणत नसत.

पुढं नाक आत गेलं आणि इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या मांडीशी आलं. त्या धगीनं तात्यांची डावी पोटरी कायमची काळी पडली, तिच्यावर केस उरला नाही. उजवा हात खिडकीतल्या उन्हानं काळा. माझी थोरली चार वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "आजोबा, तुमचा एकच पाय का काळा?"

"एक पाय कोकणातला हाय, एक देशावरला," तात्या म्हणाले. "घाटात राबलोय न्हवं मी."

आणि ते खरंच होतं. त्यांची बरीच वर्षं राधानगरी, दाजीपूर, फोंडा, कणकवली या रस्त्यावर गेली. वरून गूळ आणि शेंगा खाली जायच्या, खालून सुके बांगडे, आमसुलं, वैशाखात आंबे-फणस वर यायचे, आणि गाडीच्या टपावर देश आणि कोकण एकमेकांशेजारी बांधलेले असायचे. दाजीपूरचं जंगल गव्यांचं. गवा रस्त्यात उभा राहिला तर हॉर्न मारायचा नाही, दिवे बारीक करायचे, त्याची मर्जी होईपर्यंत थांबायचं. तात्यांच्या गोष्टीत कंडक्टर खाली उतरून गव्याला विचारायचा, "फुल का हाफ?" राधानगरी धरणाचे दरवाजेही याच रस्त्यावरचे. शाहू महाराजांनी हे धरण बांधायला काढलं, आणि महाराज गेल्यावर रेंगाळलेलं ते काम पन्नाशीच्या दशकात पुरं झालं. "सात दारं हायती. तळं भरलं की आपली आपण उघडत्यात. कुणी हात लावत न्हाई. पानी उतारलं की आपली आपण लागत्यात," असं ते सांगायचे. ही थाप पुढं मी शाळेच्या सहलीत स्वतःच्या डोळ्यांनी खरी झालेली पाहिली. गुरुजी समजावत होते आणि मी मान खाली घालून उभा होतो, कारण आदल्याच आठवड्यात मी तात्यांना वर्गमित्रांसमोर खोटं पाडलं होतं.

त्यांच्याबरोबर सलग ११ वर्षं एकच कंडक्टर होते. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून आमचेही ते मास्तरकाका. सडपातळ, चष्मेवाले, हिशेबाला पक्के आणि स्वभावानं घाबरट. पोटात पित्त. तात्या त्यांच्या डब्यातली भाकरी खायचे, ते तात्यांच्या डब्यातला भात. मुक्कामाची गाडी असली की दोघं गाडीतच झोपायचे. सीटवर घोंगडं, उशाला तिकिटांचा ट्रे आणि पैशांची पिशवी. गावात त्या रात्री सोंगी भजन असलं तर तात्यांना झोप कुठली? ते गवळणीतली मावशी व्हायचे. डोक्यावरून पदर, हातात टोपलं, आणि मिशी तशीच ठेवून. पहाटे पाचला तीच मावशी खाकी कपडे घालून गाडी चालू करायची, आणि दुधाच्या किटल्या चढवणारी माणसं म्हणायची, "मावशे, बेतानं घे."

मला तात्यांची आठवण येते ती पुष्कळदा अशा ऐकलेल्या प्रसंगांची. डोळ्यांनी पाहिलेले तात्या त्या मानानं कमी आहेत. गणपतीत ते कोकणच्या जादा गाडीवर, चैत्रात जोतिबाच्या, आषाढीला पंढरपूरच्या. जगाचा सण तो ड्रायव्हरचा कामाचा दिवस. आमची दिवाळी तात्यांच्या सुट्टीला यायची. एकदा तर ती भाऊबीज उलटून पाच दिवसांनी, बुधवारी आली. सगळ्या गावाचे आकाशकंदील उतरले होते आणि आमच्या दारात तात्या पहाटे उटणं लावून ओरडत होते, "उठा, उठा, आज नरकासुर रजेवर हुता, उशिरा घावलाय!" शेजारची पोरं जागी होऊन बघायला आली. त्यांनाही अभ्यंग मिळाला. पण दहावीचा माझा निकाल लागला, त्या दिवशी सगळ्यांचे वडील शाळेत होते आणि माझे नव्हते, हेही मी विसरलेलो नाही. आई म्हणायची, "त्यो घरी येतोय ते जेवाय आनि पानी पाजाय." पाणी म्हणजे उसाचं. वीज रात्रीची. आठ तास स्टिअरिंग धरलेला माणूस रात्री दोन वाजता बॅटरी आणि खोरं घेऊन बांधावर जायचा, आणि त्या अंधारात गाणं म्हणायचा, मोठ्यानं. साप-किरडू बाजूला व्हावं म्हणून, असं सांगायचे. मी मोठा झाल्यावर एकदा बरोबर गेलो, तेव्हा कळलं की झोप लागू नये म्हणून.

भूकंपाची गोष्ट त्यांची सगळ्यांत गाजलेली. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चारच्या पुढे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, आणि हादरा लांबवर, आमच्याकडंही बसला. तात्या आणि मास्तर मुक्कामाच्या गाडीत झोपले होते. "गाडी हालाय लागली. मला वाटलं मास्तर थंडीनं कापाय लागलाय. म्हटलं, मास्तर, एवढं कापू नगंस, इस्प्रिंगा तुटतील. तर मास्तर म्हनतंय, तात्या, तुमीच कापालाय. मग आमी दोगं गाडीखाली उतरून बघतोय तर गाव कापालंय!" ही गोष्ट सांगताना ते खाट गदागदा हलवायचे. नातवंडांनी ती शंभरदा सांगायला लावली.

तात्यांच्या बाराव्याला मास्तरकाका आले. नव्वदीला टेकलेले, नातवाच्या खांद्याला धरून. माझ्या मुलांनी त्यांना तीच गोष्ट सांगायला लावली. ते चष्मा पुसत बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुजी आजी तवा पोटुशी हुती. हा तुजा बाप पोटात."

एवढं तात्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. गाव रस्त्यावर आलं होतं, आणि तात्यांचं घर १५ मैलांवर, मातीच्या भिंतींचं. आधी घराकडं जावं, असं मास्तरांनीच सुचवलं. पण पहिली फेरी सहाची होती. घाबरलेली माणसं गाडीत येऊन बसली होती. कुणाला आपल्या लेकीकडं जायचं होतं, कुणाला आईकडं. तात्यांनी गाडी वेळेवर काढली. प्रत्येक थांब्यावर माणसं चढत होती, रडत होती, एकमेकांना विचारत होती. तात्या पुढं बघून गाडी चालवत होते आणि मास्तरांना दर थांब्याला एवढंच विचारत होते, "आमच्याकडनं कोन आलंय का बघा." डेपोत गाडी लावून, लॉगशीट भरून, सही करून मग ते पळत सुटले. आमच्या घराची मागची भिंत पडली होती. आई पुढच्या अंगणात म्हशीला धरून उभी होती. तात्यांनी आधी म्हशीला विचारलं म्हणे, "तू बरी हाईस का?" आणि मग आईकडं बघून मटकन खाली बसले.

मी आईकडं बघितलं. ती म्हणाली, "व्हय. तसंच झालं."

मास्तरकाका त्या दिवशी सुटलेच. फोंड्याच्या घाटातल्या 'पार्टी'चंही त्यांनीच सांगितलं. तात्यांच्या तोंडून आम्हाला ठाऊक होतं ते असं: सत्तरच्या दशकातला एक आषाढ, कणकवलीकडून वर येताना घाटात दरड कोसळली, गाडी रात्रभर अडकली, आणि मग काय, मेजवानी! टपावर सुक्या बांगड्यांच्या पाट्या होत्या, एकाकडं उकड्या तांदळाचं गाठोडं होतं, एक बाई कोल्हापुरात शिकणाऱ्या मुलासाठी वातीचा स्टोव्ह घेऊन निघाली होती. गाडीची पाण्याची बादली धबधब्याखाली धुतली, खडकाच्या कपारीत स्टोव्ह पेटवला, त्या बादलीत पेज शिजवली, आणि बांगडे भाजले. बांगडेवाली आधी भांडली. "मेल्या ड्रायवरा, माज्या बांगड्यांक हात लावशीत तर बघ!" मग तिनंच सगळ्यांना वाढलं आणि पैसे घेतले नाहीत. तात्यांनी डब्यावर ठेका धरला. कुणी अभंग म्हटले, कुणी दशावतारातला राक्षस नाचवला. "तशी पेज पुन्यांदा न्हाई," हे तात्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं.

मास्तरांची गोष्ट त्याआधी दोन तासांपासून सुरू झाली. पुढं दरड पडलेली, वरून बारीक दगड गळत होते; तात्यांनी मान बाहेर काढून डोंगराचा आवाज ऐकला आणि म्हणाले, इथं थांबायचं नाही. मागं रुंद जागा होती ती दोन वळणं सोडून. घाट अरुंद, पाऊस आंधळा करणारा, एका अंगाला दरी. तात्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं, डोंगराच्या कडेकडेनं चालत मागं पाठवलं, आणि रिकामी गाडी एकट्यानं मागं घ्यायला काढली. मास्तर गाडीमागं बॅटरी आणि शिटी घेऊन उलटे चालत होते. एका खांद्याला ही उटी दोरीनं अडकवलेली. दर दहा-पंधरा हातांवर शिटी, गाडी थांबली की चाकाखाली उटी, तात्यांनी उतरून दरीकडची चाकं हातानं चाचपायची, पुन्हा चढायचं. "चाळीस मानसांचा जीव न्हवता गाडीत," मास्तर म्हणाले. "तरी बी तात्या म्हनला, मास्तर, गाडी सरकारची हाय, दरीत घालाय मला दिलेली न्हाई." रुंद जागेवर पोचल्यावर तात्यांचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. बोटं आखडली होती. मास्तरांनी ती एकेक करून सोडवली, आपल्या काखेत धरून उबवली. मागं वळणापलीकडं मोठा आवाज झाला. सकाळी उजाडल्यावर बघितलं, तर गाडी आधी होती तिथं रस्ताच नव्हता.

"मग त्यानंच मला सांगितलं, बायामानसं भ्यालीत, मास्तर. काय तरी शिजवूया."

आमच्या सोप्यात पन्नासेक माणसं होती. कुणी बोललं नाही. आईनं पदरानं उटी पुसली आणि पुन्हा दाराला लावली.

निवृत्तीनंतरचे तात्या माझ्या मुलांच्या वाट्याला पूर्णवेळ आले, याचं मला सुख आहे आणि थोडा हेवाही. १९९८ मध्ये घरी बसले तरी पहाटे चारला जाग यायचीच. नातवंडांची शाळेला जायची घाई सुरू झाली की सोप्यातल्या खाटेची गाडी व्हायची. मास्तरकाकांनी जुना तिकीट पंच दिला होता; त्याचा टिकटिक आवाज काढत तात्या ओरडायचे, "दात घासलेलं वर चढा! आंघूळ न झालेलं टपावर!" एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. माझ्या धाकट्यानं पहिला शब्द 'डबल' असा उच्चारला, तो यामुळं. एशियाड गाड्या दिल्लीत 'खेळून' आल्या आहेत, ही थाप त्यांनी नातवंडांनाही दिली. तीही खरीच: १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांसाठी आणलेल्या बसगाड्या महामंडळानं घेतल्या आणि दादर-पुणे रस्त्यावर सोडल्या, त्यावरून ते नाव पडलं. १ जून २०२२ ला त्याच जुन्या पुणे-नगर रस्त्यावर विजेवरची शिवाई धावली, तेव्हा तात्यांनी पेपर मला मोठ्यानं वाचायला लावला. मग विचारलं, "गिअर न्हाई? आनि घाटात मागं सरकली तर?"

त्याच ऑगस्टमध्ये ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. तात्या ८२ वर्षांचे. दुसऱ्या दिवशी आधार कार्ड खिशात घालून, धुतलेलं धोतर नेसून ते जे बाहेर पडले ते वर्षभर घरात फार दिसलेच नाहीत. आठवड्यातून तीन-चार दिवस कुठं ना कुठं. गुडघे दुखायचे, तरी. आम्ही काळजीनं रागावलो की म्हणायचे, "३५ वरसं म्होरं बघून गेलो. खिडकीतनं काय दिसतंय त्ये आता बघतोय."

मोफत असलं तरी कंडक्टर तिकीट देतो, शून्य रुपयांचं. तात्यांनी ती सगळी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपली होती. बाराव्यानंतर डबा उघडला. त्या कागदावरची छपाई टिकत नाही. बहुतेक तिकिटं कोरी पडली होती, गाव गेलेलं, तारीख गेलेली. पण मागच्या अंगाला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, त्यांच्या चौथी शिकलेल्या बाळबोध अक्षरात. ते एकेका मुक्कामाच्या गावाला गेले होते. जिथं त्यांना कधीकाळी कुणी पाणी दिलं, भाकरी दिली, अंथरूण दिलं, तिथं.

"म्हातारी हाय. डोळं गेलं. आवाज वळकला."

"घराला कुलूप. पोरगा पुन्याला."

"बांगडेवाली वारली. सून भेटली. चा केला."

"मास्तरचा गुडगा बरा हाय. लई हसलो."

एकावर नुसतं लिहिलं होतं, "वड उभा हाय." तो कुठला वड, हे मास्तरकाकांनाही सांगता आलं नाही.

मी ती तिकिटं तारखेप्रमाणं लावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. डब्यात होती तशीच ठेवली आहेत. रात्री ती उलटसुलट करत बसतो तेव्हा मला दिसतात ते मात्र त्याआधीच्या एका मे महिन्यातले तात्या. थोरलीला तेव्हा १८ पुरी झाली होती आणि तिला आमची जुनी जीप शिकायची होती. तात्यांनी मला गाडीत बसू दिलं नाही. रानाकडच्या खिंडीचा चढ त्यांनी मुद्दाम निवडला. निम्म्या चढावर तिचा क्लच सुटला, इंजिन बंद पडलं, जीप मागं घसरू लागली आणि ती किंचाळली. मी खालून पळत सुटलो; पण माझ्याआधी जीपच्या मागून एक धोतर वर खोचलेला, ऐंशीला टेकलेला माणूस वाकलेला दिसला. चाक उटीवर चढून थांबलं. तात्या कमरेवर हात देऊन उभे राहिले, धापा टाकत, हसत.

"मी हाय मागं," त्यांनी तिला ओरडून सांगितलं. "तू म्होरं बघ. पयला टाक."

तिनं पहिला टाकला. जीप चार हात वर गेली आणि पुन्हा बंद पडली. तात्यांनी उटी उचलली आणि चाकाच्या बरोबरीनं पळाले.